रिकाम्या रकान्यातला पाऊस

कात्रजच्या चौकातून साताऱ्याकडे निघालेला रस्ता घाट चढायला लागतो, त्याआधी दोन्ही बाजूंना छोटी कार्यालयं दाटीने उभी आहेत. ट्रान्सपोर्टवाले, दुधाचे वितरक, सीए, आर्किटेक्ट, बांधकामाचे कंत्राटदार. त्यातलं कंत्राटदाराचं कुठलंही एक कार्यालय घ्यावं. दुसरा मजला, खिडकीखाली वळण घेणाऱ्या पीएमपी बसचा हॉर्न, टेबलावर बऱ्यापैकी जुना संगणक आणि त्याच्यापुढे हिशेब, पगारपत्रकं, साइटचे रिपोर्ट असं सगळंच सांभाळणारी एक बाई. सगळे तिला ताई म्हणतात. पावसाळा सरत आला की एक ठरलेलं काम तिच्याकडे येतं. साइटवरच्या रजिस्टरातून रोजचा पाऊस आणि रोज ओतलेलं काँक्रीट एक्सेलमध्ये चढवायचं, त्याचा चार्ट करायचा आणि पावसाने किती दिवस काम अडलं ते मुदतवाढीच्या अर्जाला जोडायचं. पावसाचे निळे खांब, काँक्रीटची लाल रेघ.

ही लाल रेघ चांगली चालता चालता मधेच तळाला जाऊन आपटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येते.

फोनवरून साहेब सांगतात, "ताई, ग्राफ बिघडलाय बघा. त्या दिवशी काम चालू होतं की आपलं. जरा नीट करून पाठवता का?"

ग्राफ बिघडला म्हटलं की बहुतेक माणसं ग्राफलाच हात घालतात. रेघेचा रंग बदलतात, रेघेऐवजी खांब करून बघतात, तेही जमलं नाही तर चार्ट पुसून नवा काढतात. नवा चार्टही त्याच ठिकाणी, त्याच दिवशी कोसळतो. यात वेळ फार जातो. ते स्वाभाविकही आहे, कारण डोळ्यांपुढे चार्टच असतो. पण चार्टच्या पोटात स्वतःचं असं काही नसतं. लाल रेघेवर एकदा क्लिक करावं आणि वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहावं. तिथे 'सिरीज' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ उमटते. नाव कुठून घेतलं, तारखा कुठून, आकडे कुठून आणि चार्टात या रेघेचा क्रमांक कितवा, एवढंच त्यात असतं. तीन पत्ते आणि एक क्रमांक, बाकी काही नाही. कितीतरी 'बिघडलेले' चार्ट या एका ओळीतच उलगडतात. कधी मागच्या वर्षीच्या फाइलचा पत्ता तसाच राहिलेला असतो. कधी आकड्यांची रेंज तिसाव्या ओळीला संपते आणि महिना एकतीस दिवसांचा असतो.

कात्रजमध्ये बसून हे काम करणाऱ्याला एक जुनी गोष्ट आठवावी. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथे तलाव बांधून घेतला आणि त्याचं पाणी दगडी भुयारी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, यंत्र नाही, नुसता उतार. तलावात गाळ बसावा आणि निवळलेलं पाणी पुढे जावं, अशी योजना. शहरात पोचलेलं पाणी पेठापेठांतल्या हौदांत उतरायचं. नळाच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. आतली हवा बाहेर पडायला आणि वेळप्रसंगी माणसाला आत डोकावून गाळ काढायला. आता हौद कोरडा पडला, तर हौदाचे दगड बदलून काय होणार? एकेक उच्छ्वास उघडून पाहत मागे मागे जावं लागे, कुठपर्यंत पाणी आहे आणि कुठून नाही ते कळेपर्यंत. फॉर्म्युला बारमधली ती ओळ म्हणजे असाच एक उच्छ्वास आहे. तिथून आत डोकावता येतं आणि तिथून उलट्या दिशेने चालत शीटमध्ये, शीटमधून रजिस्टरात, रजिस्टरातून ते लिहिणाऱ्या माणसापर्यंत जाता येतं.

ताईही तशाच मागे जातात. रेघ जिथे कोसळते ती तारीख पाहतात, मग शीटमधली ती ओळ. एका ओळीत शून्य आहे. त्या दिवशी धो धो पाऊस होता, काँक्रीट ओतलंच नाही. हे खरं शून्य. दुसरीत 'सुट्टी' असं लिहिलंय. पुण्यात गुरुवार हा पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा वार, कितीतरी कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचाही, आणि साइटही त्या दिवशी थंड असते. तिसऱ्या ओळीत 'निरंक' आहे. सरकारी कागद हाताळून हाताळून सुपरवायझरच्या पेनाला लागलेली ती सवय. चौथीत एक आडवी रेघ. पाचवीत आकडा आहे, 42, पण तो रकान्यात डावीकडे चिकटून बसलाय. आणि सहावी ओळ नुसती रिकामी.

माणसाला या सहा ओळी सहा वेगळ्या गोष्टी सांगतात. एक्सेल त्यातल्या पाच गोष्टी एकच समजतं. रेघेच्या चार्टात अक्षरांचा मजकूर आला की त्याची किंमत शून्य. 'सुट्टी' शून्य, 'निरंक' शून्य, आडवी रेघ शून्य. डावीकडचे ते 42 सुद्धा शून्यच, कारण तो आकडा नसून आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे. कुठल्यातरी पोर्टलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवताना त्याच्या मागे एक न दिसणारी मोकळी जागा आलेली असते. ही जागा साधी स्पेस नव्हे. वेबपानांवर वापरतात ती 160 क्रमांकाची असते आणि 'ट्रिम' लावून ती जात नाही. म्हणजे साहेबांचं खरं होतं. त्या दिवशी काम चालू होतं आणि 42 घनमीटर काँक्रीटही पडलं होतं.

राहिली सहावी, रिकामी ओळ. तिच्यासाठी एक्सेलमध्ये एक छोटीशी खिडकी आहे. चार्टवर राइट क्लिक, 'सिलेक्ट डेटा', आणि खाली कोपऱ्यात 'हिडन अँड एम्प्टी सेल्स'. तिथे तीन पर्याय मिळतात. जागा मोकळी सोडायची, शून्य धरायचं, की अलीकडचा-पलीकडचा बिंदू रेघेने जोडून टाकायचा. वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्या कित्येकांनी ही खिडकी कधी उघडलेलीही नसते. इतका मोठा प्रश्न इतक्या आडबाजूला ठेवलाय याचं वाईट वाटतं. काम झालं नाही, की काम झालं पण नोंद झाली नाही, की काही बोलायचंच नाही? तिन्हीतलं खरं काय हे संगणकाला ठाऊक असणं शक्यच नाही. ते माणसानेच सांगायचं असतं. फॉर्म्युल्यातून आलेला रकाना असेल तर दोन अवतरणचिन्हांनी केलेलं रिकामपण चालत नाही. दिसायला ते रिकामं, पण आतून मजकूरच, म्हणून पुन्हा शून्य. तिथे 'एनए' हे फंक्शन लिहावं लागतं. मग रेघ तळाला जात नाही.

नोंद नसण्याचा प्रश्न चार्टइतकाच जुना आहे. 1786 साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पैसा, आयात-निर्यातीच्या दोन रेघा. तेव्हा असं कोणी पाहिलेलं नव्हतं. स्कॉटलंडपाशी येऊन मात्र तो अडला. त्याच्याकडे स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे होते, 1781 चे. एका वर्षाची रेघ कशी काढणार? मधली वर्षं अंदाजाने भरणं त्याला सहज शक्य होतं. त्याने तसं केलं नाही. एकेका देशासमोर आडव्या पट्ट्या काढल्या, ज्या देशाशी जितका व्यापार तितकी लांब पट्टी. आज शाळेतलं पोरही काढतं तो स्तंभालेख असा, नसलेल्या आकड्यांचा मान राखताना जन्माला आला. प्लेफेअरला स्वतःला ही पट्टी रेघेपेक्षा उणी वाटत होती, ही त्यातली आणखी एक गंमत.

ताईंच्या चार्टातही पावसाला खांबच आहेत आणि त्या खांबांनी एक वेगळीच गोष्ट केली आहे. ती मात्र पुढे.

त्याआधी तारखांचं प्रकरण. महाराष्ट्रात आधी दिवस, मग महिना लिहितात. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची राहिलेली असली, की तो आधी महिना वाचतो. सप्टेंबरचा पाऊस भरायला घेतला आणि 1/9 लिहिलं की त्याची जानेवारीची 9 तारीख होते, 2/9 ची फेब्रुवारीची 9. 9/9 तेवढी बरोबर राहते. 12/9 डिसेंबरात जाते आणि 13/9 पासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे सगळं मजकूर म्हणून डावीकडे जाऊन बसतं. शीट तारखेप्रमाणे लावायला गेलं की सप्टेंबरचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात आणि उरलेले अठरा शेवटी गोळा होतात. चार्टात ऐन उन्हाळ्यात मुसळधार दिसते. 2001 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने या राज्यातल्या गावोगावच्या माणसांना एक्सेल शिकवलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ही विखुरलेली तारीख पुढे नोकरीत, एखाद्या महिनाअखेरीच्या रात्री, स्वतःच्या बळावर पकडली असेल. त्या चिकाटीची दखल कुठेच घेतली जात नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'इंग्लिश इंडिया' निवडलं की नव्या तारखा सरळ होतात. भरून झालेल्या मात्र 'टेक्स्ट टू कॉलम्स'मधून दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून, एकेक तपासत परत आणाव्या लागतात.

छोटे त्रास आणखी पुष्कळ. कोणीतरी फिल्टर लावून तसाच ठेवतं आणि लपलेल्या ओळी चार्टातूनही नाहीशा होतात. मॅन्युअल कॅल्क्युलेशनवर ठेवलेली एखादी फाइल सकाळी सगळ्यात आधी उघडली जाते आणि दिवसभर उघडलेल्या बाकीच्या फाइलीही गोठल्यागत राहतात, एफ-9 दाबेपर्यंत. घनमीटर आणि रुपये एकाच अक्षावर मांडले की घनमीटरांची रेघ जमिनीला चिकटते. तिला उजवीकडचा दुसरा अक्ष द्यावा लागतो. रुपयांच्या अक्षाला 'डिस्प्ले युनिट्स' लावायला जावं तर यादीत थाउजंड्स आणि मिलियन्स नावाने भेटतात, लाख आणि कोटी मात्र नुसते एकावरच्या शून्यांनी. असतात पण तिथे. आणि मग जुन्या शीटमधली मराठी. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या फॉन्टमध्ये रकान्यांची नावं टाइप केलेली असतात. रकान्यात ती सुरेख देवनागरी दिसते. चार्ट स्वतःचा फॉन्ट लावतो आणि 'पर्जन्यमान'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. अक्षावरच्या मजकुराला तोच जुना फॉन्ट दिला की शब्द परत येतात. नव्याने टाइप करणं त्याहून बरं. निदान पुढच्या माणसाला ते वाचता येईल.

हे सगळं किरकोळ समजू नये. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी 2010 साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. देशोदेशीच्या काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार दिला गेला. 2013 साली थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून त्यांची मूळ शीट मागवली आणि उघडली. सरासरीची रेंज पाच ओळी अलीकडेच संपत होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते. निबंधावर इतर आक्षेपही होते, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पाच ओळी. त्या विद्यार्थ्याने केलं काय, तर छापील निष्कर्षापासून मागे चालत तो रकान्यापर्यंत गेला.

आता पावसाकडे. साहेबांनी या खेपेला मागच्या काही वर्षांचा पाऊसही जोडायला सांगितलं म्हणून ताईंनी 2019 ची शीट उघडली. चार्टच्या आडव्या अक्षावर तारखांऐवजी पाच आकडी संख्या होत्या. 43731, 43732, 43733. एक्सेलला तारीख अशीच दिसते. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून ते एकेक दिवस मोजत येतं. त्या मोजणीत 29 फेब्रुवारी 1900 हा एक दिवस जास्तीचा आहे, जो कधी उगवलाच नव्हता. लोटस 1-2-3 ची ती चूक होती. जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच सांभाळली आणि आजवर सांभाळतं आहे. अक्षाला तारखेचा फॉरमॅट दिला की संख्या जाऊन दिवस उमटतात.

43733 म्हणजे 25 सप्टेंबर 2019.

कात्रज, धनकवडी, सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पूल या भागांत राहणाऱ्या कोणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. त्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर पाऊस कोसळला आणि एरवी सांडपाण्याच्या नाल्यागत वाटणारा आंबिल ओढा घराघरांत शिरला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडली. गाड्या एकमेकींवर चढल्या, जनावरं वाहून गेली आणि पुण्यात नि आसपास वीसहून अधिक माणसांचा जीव गेला.

चार्टात 25 तारखेला काही विशेष दिसत नाही. ही मात्र चूक नाही. भारतीय हवामान खात्याच्या रीतीनुसार पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. साइटवरही तीच रीत होती. पंचवीसच्या रात्री पडलेला पाऊस म्हणून सव्वीसच्या रकान्यात जायला हवा. लोकांच्या मनातली तारीख आणि रजिस्टरातली तारीख यांत एका दिवसाचं अंतर पडतं आणि ज्याला रीत माहीत नाही तो चार्टला खोटं ठरवून मोकळा होतो.

ताईंनी सव्वीस तारीख पाहिली. तिथे खांबच नव्हता.

खांबांच्या चार्टात रिकामं आणि शून्य सारखंच दिसतं. रेघ तरी कोसळते, डोळ्यांत येते, साहेब फोन करतात. खांब नसला तर कोणी काही विचारत नाही. लाल रेघेतल्या सुट्टीच्या गुरुवारांवर एवढी चर्चा झाली आणि या निळ्या चार्टात पुरानंतरची सकाळ कोरडी राहिली होती, इतकी वर्षं, कोणाच्या लक्षात न येता. 'हिडन अँड एम्प्टी सेल्स'चा कुठलाही पर्याय लावला तरी इथे फरक पडत नाही. शीटमध्ये सव्वीसचा रकाना रिकामा. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्यातही रिकामा. आधीच्या आणि नंतरच्या तारखा भरलेल्या, त्याच अक्षरात, त्याच पेनाने.

त्या काळचा सुपरवायझर आता खेड शिवापूरकडच्या एका कामावर असतो. ताईंनी त्याला फोन लावला.

"भाऊ, 2019 चं रजिस्टर बघतेय. सव्वीस सप्टेंबरला तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी साइटवर गेला नव्हता का?"

"गेलो होतो की ताई. साडेआठला नाही, दहाला पोचलो असेन, रस्ताच नव्हता. बाटली गळ्यापर्यंत भरून बाहेर सांडत होती. किती सांडलं काय माहिती? खोटा आकडा कशाला लिहा. म्हटलं राहू दे."

त्याच्या म्हणण्यात गणित आहे. पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं आणि आतली बाटली 2 लिटरची असेल, तर 100 मिलिमीटरला ती काठोकाठ भरते. त्यापुढचा पाऊस तिला मोजता येत नाही. म्हणजे तो रकाना पाऊस नव्हता म्हणून रिकामा नव्हता, आणि कोणी कामचुकारपणा केला म्हणूनही नव्हता. माप पुरलं नाही म्हणून तो रिकामा होता आणि समोरच्या माणसाने अंदाज लिहायचं नाकारलं होतं. एवढा प्रामाणिकपणा एका रिकाम्या चौकोनात मावला होता, पण तो वाचता येईल अशी काही खूण त्याच्या शेजारी नव्हती. एक शब्द लिहिला असता तर कळलं असतं. तो शब्द आकड्यांच्या रकान्यात लिहिला असता तर एक्सेलने त्याचं शून्य केलं असतं, म्हणून तो शेजारच्या 'शेरा' रकान्यात जायला हवा होता. त्या शीटमध्ये शेऱ्याचा रकानाच नव्हता.

ताईंनी आता तो घातला आहे. 26 सप्टेंबरसमोर लिहिलंय, 'मापक ओसंडले, 100 मिमीपेक्षा जास्त, सकाळी दहाची पाहणी'. आकड्याच्या रकान्यात त्यांनी आधी 100 लिहिलं. खांब उभा राहिला, बराच उंच. पण जे ठामपणे नाकारलं गेलं होतं तेच आपण लिहितोय असं वाटून त्यांनी तो पुसला. मग शिवाजीनगरच्या वेधशाळेचा त्या दिवसाचा आकडा घ्यावा असा विचार आला. पण शिवाजीनगर आणि कात्रजचा डोंगर यांच्यामध्ये अख्खं शहर आहे, आणि त्या रात्री पाऊस सगळीकडे सारखा पडला नव्हता. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्हीच ठरवा ताई, सोमवारी अर्ज द्यायचाय." सध्या तिथे 'एनए' आहे, शेजारी शेरा आहे, आणि चार्टच्या खाली तो शेरा छापायला जागा करायची तर पावसाचे खांब किती लहान करावे लागतील, ते त्या ओढून पाहत आहेत.